डोळ्यात जास्त, पायात कमी

उरणच्या मोरा बंदरात गाळ साचतो, ही काही नवी बातमी नाही. मोठी ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्याहून निघणाऱ्या लाँचला जेट्टीपर्यंत यायला पाणीच उरत नाही. काही तास फेऱ्या बंद राहतात आणि माणसं, पिशव्या, मासळीच्या टोपल्या सगळं पाणी चढायची वाट बघत बसतं. गाळ काढतात, तो पुन्हा येतो. त्यामुळे इथल्या एखाद्याला डॉक्टर म्हणाले, ‘शुगरने रक्तवाहिन्या खराब होतात,’ की त्याच्या डोळ्यांपुढे बंदरच उभं राहतं. नळी आहे, नळीत गाळ बसलाय, वाहतूक ठप्प. हृदयाच्या आणि मांडीच्या मोठ्या वाहिन्यांपुरतं हे चित्र बरंचसं खरं आहे. पण मधुमेहाची खास खोड बारीक वाहिन्यांत दिसते, आणि तिथे हे चित्र दिशाभूल करतं. तिथे तुंबण्याआधी भिंत झिरपू लागते. जे रक्तात राहायला हवं, ते बाहेर पडतं.

या वाहिन्या किती बारीक असाव्यात? तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. केशवाहिनी जेमतेम तेवढीच, कधी त्याहून अरुंद. पेशीला अंग चोरून, वाकून पुढे सरकावं लागतं. भिंत म्हणजे एका पेशीइतक्या जाडीचं अस्तर. या अस्तराला बाहेरून बिलगून बसलेल्या दुसऱ्या जातीच्या पेशी असतात, त्यांना पेरिसाइट म्हणतात. शरीरात इतरत्र त्या विरळ असतात. डोळ्याच्या पडद्यात मात्र अस्तराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक पेरिसाइट. निसर्गाने इथे पहारा इतका कडक का ठेवला, ते पडद्याचं काम पाहिलं की कळतं. पडदा हा मेंदूचाच भाग आहे, आणि तिथे ओल चालत नाही.

मधुमेहात या पहारेकरी पेशी आधी मरतात हे कसं कळलं, ती कथा मला फार आवडते. अमेरिकेत बॉस्टनला डेव्हिड कोगन आणि तोइचिरो कुवाबारा यांनी मृत व्यक्तींच्या डोळ्यांतला पडदा काढला आणि ट्रिप्सिनच्या कोमट द्रावणात ठेवला. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. त्याने पडद्यातल्या सगळ्या चेतापेशी पचवून टाकल्या आणि रक्तवाहिन्यांचं जाळं मात्र शाबूत राहिलं. हलक्या हाताने हलवलं की बाकीचा गाळसाळ सुटतो आणि पाण्यावर एक अतिशय नाजूक, पारदर्शक जाळं तरंगू लागतं. ते काचपट्टीवर पसरायचं, वाळवायचं, रंगवायचं. १९६१ साली त्यांनी मधुमेही माणसांच्या डोळ्यांतली अशी जाळी प्रसिद्ध केली. अस्तराच्या पेशींची केंद्रकं जागच्या जागी दिसत होती. पेरिसाइटच्या जागी मात्र रिकामी, फिकट पाकिटं होती. पेशी गेलेली, तिची खोळ मागे राहिलेली. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘भुतं’ असंच नाव दिलं.

पहारा उठला की भिंत झिरपते. काही केशवाहिन्या पुढे बंदच पडतात आणि पडद्याचा तेवढा तुकडा प्राणवायूविना राहतो. तो तुकडा मरण्याआधी ओरडतो.

हे ओरडणं रासायनिक असतं. १९४८ साली आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने तर्क केला की प्राणवायूला मुकलेला पडदा कुठलातरी पदार्थ सोडत असला पाहिजे, जो नव्या रक्तवाहिन्यांना बोलावून घेतो. त्याला नाव नव्हतं, म्हणून लोक ‘एक्स घटक’ म्हणत. तो हाती लागायला चाळीस वर्षं गेली, आणि लागला तोही दोन वेगळ्या दारांनी. १९८३ साली हॅरोल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांना गाठींतून पाझरणाऱ्या द्रवात एक प्रथिन सापडलं, जे रक्तवाहिन्यांना गळकं करत होतं. अंगावर पित्त उठलं की हिस्टामिन जे करतं तेच, पण हजारो पट कमी मात्रेत. १९८९ साली जेनेन्टेक कंपनीत नेपोलिऑन फेरारा गाईगुरांच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशी वाढवत होते. त्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, त्यात त्यांना रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वाढायला लावणारं प्रथिन मिळालं. एक गळती करणारं, एक वाढ करणारं. दोन्हींची रचना वाचली तेव्हा समजलं की हे एकच प्रथिन आहे. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात.

यात विरोध वाटतो, पण विचार केला तर काम सलग आहे. नवी फांदी फुटायची तर जुनी भिंत आधी सैल व्हायला हवी. गळती ही वाढीची पहिली पायरी. बरी होणारी जखम, गर्भाशयातलं अस्तर, पोटातलं बाळ, सगळीकडे हे चालतं. बाळात तर इतकं मोजून-मापून की १९९६ साली फेरारा आणि बेल्जियमचे पीटर कार्मेलिए यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवली आणि सगळे चकित झाले. उंदराला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी बहुधा निभावून नेते. व्हीईजीएफच्या जनुकाची फक्त एक प्रत काढली, दुसरी धडधाकट होती, तरी उंदराचे गर्भ अकराव्या-बाराव्या दिवशी मेले. पूर्ण अभावाची गरजच पडली नाही. निम्मं प्रमाणही जीवघेणं ठरलं.

असं प्रथिन हाताशी आल्यावर वैद्यकाला पहिलं काय सुचलं असेल? अर्थातच ते रोग्याला द्यायचं. हृदयाच्या वाहिन्या बंद आहेत, बायपास शक्य नाही, अँजिओप्लास्टी शक्य नाही, मग नव्याच वाहिन्या उगवू द्या! प्राण्यांत उगवल्याही. थोड्याशा माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचणीतही आशा दिसली. मग ‘व्हिवा’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००३ साली आले. छातीत कळ येणारे १७८ रुग्ण. तीन गट केले: एकाला जास्त मात्रा, एकाला कमी, एकाला प्रथिन नसलेलं नुसतं द्रावण. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. साठ दिवसांनी सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं. प्रथिन मिळालेले दोन्ही गट आधीपेक्षा सुमारे तीस सेकंद जास्त चालले. आनंदाची गोष्ट. पण नुसतं द्रावण मिळालेला गट अठ्ठेचाळीस सेकंद जास्त चालला होता.

हा आकडा वाचून हसू येतं, आणि मग अंगावर काटाही येतो. तिसरा गट नसता, तर ‘औषध घेतल्यावर रुग्ण तीस सेकंद जास्त चालतो’ हे वाक्य तितकंच खरं असतं आणि कुणीतरी ते औषध म्हणून विकलं असतं. आपल्याकडे ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर शुगरचे काढे, पुड्या आणि कडू बिया खपतात. त्यात नेहमी हाच तिसरा गट गायब असतो.

प्रथिन रक्तात थोडाच वेळ टिकतं, आणि मात्रा वाढवावी तर रक्तदाब खाली येतो, कारण तेच प्रथिन वाहिन्या सैल करतं. शरीरभर फिरवून एका जागी परिणाम साधणं जमलं नाही. गोळी करून गिळावं, तर पोट त्याला मांसाच्या तुकड्यासारखं पचवून टाकतं. इन्सुलिन टोचावंच का लागतं, याचं उत्तरही एवढंच.

इकडे डोळ्यांत मात्र कथा उलटी फिरली होती. १९९४ साली लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतला द्रव तपासला. मधुमेहाने ज्यांच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, त्यांच्या डोळ्यांत व्हीईजीएफ भरपूर होतं. मायकेलसनचा ‘एक्स’ तो हाच. हृदयात जे घालायला बघत होते, ते डोळ्यांतून काढायचं होतं.

त्याआधीचा उपचार होता लेसर. पडद्यावर शेकडो ठिकाणी बारीक चटके द्यायचे. भाजलेला भाग प्राणवायू मागत नाही, मागणी घटली की ओरडा कमी होतो. या उपायाने असंख्य लोकांची नजर वाचली आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पडद्याचा काही भाग जाळून उरलेला वाचवायचा, हा सौदा होता. गेलेली नजर त्याने सहसा परत येत नसे.

नवा विचार असा: व्हीईजीएफला नेमकं पकडणारं दुसरं प्रथिन डोळ्यात सोडायचं. असं प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. कर्करोगासाठी ते बनलेलंही होतं, बेव्हॅसिझुमॅब, बाजारातलं नाव अव्हास्टिन, २००४ साली अमेरिकेत मान्यता. पण ते आकाराने मोठं, पडद्याच्या थरांत शिरेल की नाही अशी शंका होती. म्हणून जेनेन्टेकने त्याच कुळातला फक्त पकडणारा तुकडा घेतला, त्याची पकड आणखी घट्ट केली आणि रॅनिबिझुमॅब तयार केलं, मूळ प्रतिपिंडाच्या एक तृतीयांश वजनाचं. २००६ साली वार्धक्यातल्या पडद्याच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी मोठं, स्वस्त अव्हास्टिनच डोळ्यात टोचून बघितलं आणि तेही चाललं. शिरेल की नाही ही शंका फोल होती. तेव्हापासून जगभर, आणि आपल्याकडे तर फारच, हे मोठं प्रथिन डोळ्यांसाठी वापरलं जातं, जरी कंपनीने त्यासाठी ते कधी बनवलं नव्हतं.

इंजेक्शनचं नाव काढलं की लोक दचकतात, म्हणून ते जवळून बघू. भुलीचे थेंब घालतात. पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवतात. पोव्हिडोन आयोडीनचे तपकिरी थेंब डोळ्यात टाकतात, कारण खरी भीती सुईची नसते, तिच्याबरोबर आत जाणाऱ्या जंतूंची असते. मग डॉक्टर छोट्या मापकाने बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतर मोजून खूण करतात. त्या पट्ट्यात सुई गेली तर पुढे भिंगालाही लागत नाही आणि मागे पडद्यालाही नाही. सुई केसाइतकी नसली तरी फारशी जाडही नसते. आत जातं ते फक्त पन्नास मायक्रोलिटर, साधारण एक थेंब. त्यात रॅनिबिझुमॅब अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. कर्करोगात अव्हास्टिन किलोमागे पाच मिलिग्रॅम देतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीनशे. डोळ्यासाठी सव्वा मिलिग्रॅम पुरतं. सगळं मिनिटभरात उरकतं. रुग्ण सांगतात, टोचल्यावर काळे गोल ठिपके तरंगताना दिसतात. ते हवेचे किंवा औषधाचे बुडबुडे असतात आणि जातात.

मग हे काम करतं, हे सिद्ध कसं करायचं? हृदयाच्या चाचणीत खोटं औषध देणं सोपं होतं. डोळ्यात खोटं इंजेक्शन कसं देणार? विनाकारण कुणाच्या डोळ्यात सुई घालणं कुठल्याच नीतीत बसत नाही. त्यावरचा तोडगा मला विलक्षण वाटतो. सगळी तयारी तशीच करायची, थेंब, चिमटा, आयोडीन, आणि शेवटी सुई नसलेल्या सिरिंजचं बोथट टोक डोळ्यावर दाबायचं. भुलीमुळे रुग्णाला दाब जाणवतो, टोचलं की नाही ते कळत नाही. रॅनिबिझुमॅबच्या मधुमेहातल्या ‘राइज’ आणि ‘राइड’ या दोन चाचण्यांत मिळून ७५९ रुग्ण होते. त्यांतला एक गट दर महिन्याला, दोन वर्षं, हे बोथट टोक डोळ्यावर दाबून घ्यायला येत होता. गरज पडली तर त्यांना लेसर मिळत होता.

मोजमाप दोन गोष्टींचं. एक ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेला पडद्याचा उभा छेद. त्यात सुजलेला पडदा डोंगरासारखा फुगलेला दिसतो, मध्ये पाण्याच्या काळ्या पोकळ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे यंत्र दुर्मीळ होतं, आज तालुक्याच्या गावांतही त्याच्या पाट्या दिसतात. दुसरं मोजमाप जुनंच, अक्षरांचा तक्ता. चार मीटरवर ठेवलेला, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. पंधरा अक्षरं जास्त वाचली म्हणजे तीन ओळींची प्रगती, आणि ती खरी प्रगती मानतात. दोन वर्षांनी ‘राइज’मध्ये बोथट टोकाच्या गटातल्या शंभरातल्या अठरा जणांनी तेवढी मजल मारली होती. कमी मात्रेचं औषध मिळालेल्यांत शंभरातल्या पंचेचाळीस जणांनी. २०१२ साली अमेरिकेत मधुमेही पडद्यासुजेसाठी त्याला मान्यता मिळाली.

पुढे अफ्लिबरसेप्ट आलं. त्यात व्हीईजीएफ ज्याला चिकटतं त्या ग्राहकाचेच तुकडे जोडून सापळा केलेला आहे. मग साहजिक प्रश्न, तिघांत चांगलं कोणतं? २०१५ साली ६६० रुग्णांवरच्या तुलनेचं उत्तर आलं, आणि ते स्वस्त-महागाच्या आपल्या सवयीच्या वादापेक्षा बारकाईचं होतं. नजर थोडीच उतरली असेल तर तिन्ही सारखीच. बरीच उतरली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. म्हणजे वेळेत आलेल्या माणसाला स्वस्त औषधाने भागतं.

आता मोऱ्याच्या जरा जवळ येऊ. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसचं केंद्र आहे. या कंपनीचं ‘रॅनिझुरेल’ हे रॅनिबिझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाच्या धर्तीवर बनवलेलं, जवळजवळ तसंच प्रथिन. त्याआधी २०१५ साली अहमदाबादच्या इन्टासचं ‘राझुमॅब’ आलं होतं. जगातलं या औषधाचं ते पहिलं बायोसिमिलर. रॅनिबिझुमॅब ई. कोलाय या जिवाणूत तयार होतं. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या या जिवाणूला प्रतिपिंडाच्या तुकड्याचं जनुक देतात आणि तो पोलादी टाक्यांत वाढता वाढता ते प्रथिन बनवतो. सूक्ष्मजीवांकडून काम करून घेणं या भागाला नवं नाही, हे जाता जाता. एकोणिसाव्या शतकात उरण मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी मुंबई इलाख्यात गाजलेलं होतं, आणि मोहाची फुलं पार पंचमहालातून येत. तिथे किण्व काम करत होतं. किण्वाकडूनच वोखार्टने औरंगाबादला मानवी इन्सुलिन बनवून घेतलं आणि २००३ साली बाजारात आणलं.

पण टाकीतून निघालेलं प्रथिन आणि डोळ्यात जाणारा थेंब यांच्यामध्ये फार मोठं अंतर असतं. ई. कोलायच्या भिंतीचा अंशही उरला तर डोळा लालबुंद सुजतो. साखळी बरोबर पण घडी चुकीची पडली, तर ते प्रथिन व्हीईजीएफला पकडतच नाही. म्हणून बायोसिमिलरची चाचणी ‘हे गुणकारी आहे का’ एवढ्यावर थांबत नाही. ‘हे मुळासारखंच आहे का’ हे वजन, घडी, पकड, शुद्धता अशा पायरीपायरीने दाखवावं लागतं आणि शेवटी पुन्हा माणसांचे डोळे, पुन्हा तो अक्षरांचा तक्ता. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातेत अव्हास्टिन टोचल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला, तेव्हा केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यांतल्या वापराविरुद्ध इशारा दिला होता. नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर काही आठवड्यांत तो मागे घेतला गेला. कर्करोगाची मोठी कुपी अनेक रुग्णांसाठी छोट्या सिरिंजांत वाटतात, आणि ते वाटप निर्जंतुक नसेल तर धोका तिथे असतो.

आता त्याच माणसाच्या पायाकडे बघू. मधुमेही पायाला काटा रुततो, कळत नाही, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. भरायला नव्या रक्तवाहिन्या हव्यात, आणि जखमेत वाढीची प्रथिनं कमी पडलेली असतात. डोळ्यात जे उतू जातंय, त्याचा पायात दुष्काळ. एकाच रक्ताने जोडलेली दोन ठिकाणं, फरक पाच फुटांचा. म्हणून पायात प्रथिन घालावं लागतं. प्लेटलेट पेशींतलं पीडीजीएफ किण्वात बनवून त्याचं जेल १९९७ साली अमेरिकेत मान्य झालं. क्यूबाने त्वचेच्या वाढीचं प्रथिन, ईजीएफ, थेट जखमेच्या कडांत टोचायला सुरुवात केली. आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेकचं ईजीएफचं जेल मिळतं. ही जेलं जादू नाहीत. जखम साफ केली नाही, पायावरचा भार काढला नाही, तर कितीही चोपडा.

मूत्रपिंडाचं गणित आणखी वेगळं. तिथल्या गाळणीला व्हीईजीएफ रोज लागतं. शेजारच्या पेशी ते बनवतात आणि गाळणीचं अस्तर त्यावर जगतं. प्रौढ उंदरात हा पुरवठा बंद केला तर गाळणीत रक्ताच्या गुठळ्या होतात. कर्करोगासाठी अव्हास्टिन घेणाऱ्यांच्या लघवीत प्रथिन जाऊ लागतं, रक्तदाब चढतो, तो याच कारणाने. म्हणजे एकाच मधुमेही माणसात एका अवयवाला हे प्रथिन कमी हवं, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला होतं तेवढंच. शरीरभर पसरणारं औषध शोधणाऱ्याची पंचाईत समजून येते. डोळ्यात यश का आलं, तेही समजतं. डोळा म्हणजे जेमतेम चार मिलिलिटर जेलीसारख्या द्रवाची बंद खोली. तिथे केलेलं बहुतेक तिथेच राहतं.

मग गळतीला मुळातूनच हात घालता येईल का? व्हीईजीएफ अडवणं म्हणजे ओरडा बंद करणं. भिंत पुन्हा घट्ट करणं ही निराळी गोष्ट. त्यासाठी उमेदवार प्रथिन आहे अँजिओपोएटिन-१. ते १९९६ साली सापडलं. पेरिसाइट पेशी ते सोडतात, अस्तराच्या पेशींवरचा टाय-२ नावाचा ग्राहक ते पकडतो, आणि पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. वर्षभराने त्याचा भाऊबंद सापडला, अँजिओपोएटिन-२. तो त्याच ग्राहकावर बसतो पण बहुधा उलटं काम करतो, भिंत सैल करतो. मधुमेही डोळ्यात हा दुसरा वाढलेला असतो. पहारेकरी मेल्यावर नुसता पहारा गेला असं नाही, त्यांच्याकडून येणारा ‘धरून ठेवा’ हा निरोपही थांबला, हे १९६१ च्या त्या रिकाम्या पाकिटांकडे बघून कुणाला कळणार होतं!

मूळ अँजिओपोएटिन-१ चिकट, विरघळायला नाखूश, औषध म्हणून हाताळायला अवघड. २००४ साली दक्षिण कोरियात गू यंग को यांच्या गटाने त्याची चिकट बाजू कापून कूर्चेतल्या एका प्रथिनाचा तुकडा जोडला आणि विरघळणारं, दमदार रूप बनवलं. मधुमेही उंदरांत त्याने जखमा लवकर भरल्या, मूत्रपिंड सावरलं, पडद्यातली गळती घटली. तीन अवयव, आणि तिघांनाही एकाच दिशेने फायदा. व्हीईजीएफच्या गुंत्यातून आल्यावर हे वाचलं की उडी मारावीशी वाटते.

थांबायचं कारण उंदराच्या डोळ्यातच आहे. माणसाच्या पडद्याच्या मध्यावर एक छोटा बिंदू असतो, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं तिथून. मधुमेहात सूज येऊन नजर जाते ती तिथलीच. उंदराला मॅक्युला नसतोच. शिवाय प्रयोगातल्या उंदरांना बहुतेकदा स्वादुपिंडाच्या पेशी मारणारं रसायन टोचून काही आठवड्यांत मधुमेही केलेलं असतं. माणसाच्या डोळ्यात हेच दहा-पंधरा वर्षं मुरतं. त्यामुळे उंदरात गळती थांबली, एवढ्यावर माणसाच्या वाचनाबद्दल काहीच ठरत नाही. या नव्या रूपाला अजून औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. दुसऱ्या बाजूने, भाऊबंदाला अडवून बघितलं गेलं. अँजिओपोएटिन-२ विरुद्धचं एक प्रतिपिंड अफ्लिबरसेप्टला जोडून दिलं, तर जास्तीचा फायदा दिसला नाही. मग फॅरिसिमॅब आलं, दोन हातांचं प्रतिपिंड, एका हाताने व्हीईजीएफ आणि दुसऱ्याने अँजिओपोएटिन-२ पकडणारं. १,८९१ रुग्णांवरच्या दोन चाचण्यांत नजर अफ्लिबरसेप्टइतकीच सुधारली, पण ज्या गटात फॅरिसिमॅबचं अंतर गरजेप्रमाणे वाढवत नेलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना वर्षअखेर चार-चार महिन्यांनीच इंजेक्शन लागत होतं. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हा लांबलेला काळ दुसऱ्या हाताची करामत की नुसती मोठ्या मात्रेची, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. भांडण रास्त आहे.

चार महिने की एक महिना, हा फरक शहरातल्या माणसाला सोयीचा वाटेल. मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या माणसासाठी हिशेब वेगळा असतो. जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तर प्रत्येक महिन्याच्या इंजेक्शनला एक दिवसाचा धंदा बुडतो, सोबत येणाऱ्याचाही. अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्ही २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून ओहोटीचं गणित जुळवायची सक्ती उरलेली नाही, हे खरं. पण डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि एका डोळ्याची नजर उतरली तर दुसरा झाकून घेतो. खाडीपलीकडच्या वडाळ्यातल्या आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयाच्या गटाने धारावीत घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा मधुमेह असलेल्या शंभर जणांमागे सुमारे पंधरा जणांच्या पडद्यात बिघाड सुरू झालेला आढळला. भारतात २०२३ च्या अंदाजाने दहा कोटी मधुमेही आहेत. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायला लागतो अर्धा-पाऊण तास, आणि त्या दिवशी उन्हाचा जरा त्रास.

‘राइज’ आणि ‘राइड’मधल्या बोथट टोकाच्या गटाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. दोन वर्षं संपल्यावर औषधाचा गुण स्पष्ट झाला होता, म्हणून त्यांनाही खरं औषध देणं सुरू केलं. सूज उतरली. ओसीटीच्या चित्रात त्यांचा पडदा इतरांच्या पडद्यासारखाच सपाट झाला. अक्षरांच्या तक्त्यावर मात्र ते पहिल्यापासून औषध मिळालेल्यांच्या बरोबरीला आले नाहीत, वर्षभर इंजेक्शनं घेऊनही.